नवी गाडी घेताना किंमत, ॲव्हरेज आणि फीचर्स यांची तुलना कशी करायची

नवी गाडी घ्यायचं ठरलं की आपण आधी माहितीपत्रकं जमवतो, मग व्हिडिओ बघतो आणि मग ओळखीच्या चार जणांना विचारतो. आठवडाभरात डोक्यात इतके आकडे जमतात की शेवटी जी गाडी दिसायला आवडली तिच्यासाठीच कारणं शोधली जातात. हे टाळायचं तर क्रम उलटा करायला हवा. माहितीपत्रकातला कोणताही आकडा स्वतःहून चांगला किंवा वाईट नसतो. तुम्ही गाडी किती, कुठे आणि किती वर्षं चालवणार हे ठरल्यावरच त्याला अर्थ येतो. म्हणून गाड्यांच्या आधी स्वतःचा वापर कागदावर उतरवा.

पहिलं काम: आपला वापर लिहा

सध्या गाडी असेल तर सर्व्हिसिंगची जुनी बिलं काढा. प्रत्येक बिलावर त्या दिवसाचं किलोमीटर रीडिंग असतं, त्यावरून वर्षाचा प्रवास अचूक कळतो. गाडी नसेल तर रोजचं जाणं-येणं गुणिले कामाचे दिवस, आणि त्यात सुट्ट्यांमधल्या लांबच्या फेऱ्या. हा आकडा मनाने ठरवू नका. बहुतेकांचा अंदाज लांबच्या प्रवासांच्या आठवणीने फुगलेला असतो.

मग त्यातला शहराचा भाग किती आणि मोकळ्या रस्त्याचा किती, एका वेळी साधारण किती माणसं बसतात, लहान मूल किंवा गुडघे दुखणारं वयस्कर माणूस रोज बसणार आहे का, पार्किंगची लांबी-रुंदी किती, हे लिहा. आणि सगळ्यांत शेवटी, गाडी किती वर्षं ठेवणार ते लिहा. चार वर्षांनी विकणाऱ्याचा आणि बारा वर्षं वापरणाऱ्याचा हिशेब पूर्णपणे वेगळा असतो. पहिल्याला गाडीची घसरणारी किंमत सगळ्यांत महाग पडते, दुसऱ्याला इंधन आणि दुरुस्ती. हे न ठरवता केलेली तुलना पुढे कुठेच पोहोचत नाही.

किंमत: एक आकडा नको, फोड हवी

जाहिरातीतली किंमत बेस मॉडेलची असते आणि फोटो टॉप मॉडेलचा. त्यामुळे पहिला नियम असा की तुलना व्हेरिअंटची करा, मॉडेलची नको. "ही गाडी त्या गाडीपेक्षा स्वस्त आहे" या वाक्याला फारसा अर्थ नाही. या गाडीचं अमुक व्हेरिअंट, अमुक इंजिन, अमुक गिअरबॉक्स, आणि त्याच्यासमोर त्या गाडीचं तितकीच सोय देणारं व्हेरिअंट, असं मांडलं की चित्र पुष्कळदा पालटतं. एका कंपनीच्या बेस मॉडेलमध्ये जे मिळतं ते दुसरीकडे दोन पायऱ्या वर चढल्यावर मिळतं.

दुसरं म्हणजे, प्रत्येक शोरूमकडून लेखी कोटेशन घ्या आणि त्यात प्रत्येक ओळ वेगळी मागा: गाडीची मूळ किंमत, कर, नोंदणी, विमा, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, कर्जाचं प्रक्रिया शुल्क, आणि हाताळणी किंवा तत्सम नावाखाली लावलेली कोणतीही रक्कम. यातल्या कर आणि नोंदणीवर घासाघीस होत नाही. बाकी जवळजवळ सगळ्यावर होते. ॲक्सेसरीजचं पॅकेज आणि विमा यांत विक्रेत्याची कमाई मोठी असते, त्यामुळे विम्याचं कोटेशन बाहेरूनही मागवा आणि पॅकेजमधल्या ज्या वस्तू नको असतील त्या सरळ काढायला सांगा.

जुनी गाडी बदल्यात देणार असाल तर तिची किंमत आणि नव्या गाडीवरची सूट या दोन गोष्टी एकाच बोलण्यात मिसळू देऊ नका. जुन्या गाडीला चांगला भाव देऊन नव्या गाडीवरची सूट हळूच कमी केली जाते, किंवा याच्या उलट होतं. आधी नव्या गाडीची अंतिम किंमत लेखी पक्की करा, मगच जुन्या गाडीचा विषय काढा. तिचा बाहेरचा भावही आधीच काढून ठेवा.

गाडीच्या उत्पादनाचा महिना आणि वर्षही विचारा. पटकन मिळणारी, घसघशीत सूट असलेली गाडी कधी कधी मागच्या वर्षीची असते. ती घेणं चूक नाही, पण विकताना तिचं वय उत्पादनाच्या वर्षावरून मोजलं जातं, त्यामुळे तेवढी सूट मिळालीच पाहिजे. नवं रूप लवकरच येणार असेल तरीही हाच विचार.

हप्त्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यांत जास्त पैसे इथेच नकळत जातात. शोरूममध्ये बोलणं "महिन्याला किती झेपेल" इथून सुरू होतं, आणि मुदत वाढवली की कोणतीही गाडी झेपू लागते. घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच, ९ टक्के व्याज धरलं तर दर १०० च्या कर्जामागे पाच वर्षांत सुमारे १२४.५ फेडावे लागतात, सात वर्षांत सुमारे १३५. हप्ता कमी दिसतो, पण व्याज पावणेपंचवीसच्या आतून पस्तीसवर जातं. शिवाय मोठ्या मुदतीत गाडीची बाजारातली किंमत उरलेल्या कर्जापेक्षा खाली जाऊ शकते, आणि मग मध्येच विकायची वेळ आली तर खिशातून भर घालावी लागते.

व्याजदर सरळ पद्धतीचा आहे की घटत्या शिलकीवरचा, हा प्रश्न न विसरता विचारा. सरळ पद्धतीत पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज लागतं. पाच वर्षांसाठी ७ टक्के सरळ दर म्हणजे घटत्या शिलकीच्या हिशेबाने जवळपास साडेबारा टक्के. "फक्त सात टक्के" ऐकून खूश होण्याआधी एकूण किती परत द्यायचे आहेत तो एकच आकडा मागा आणि दोन कर्जांची तुलना त्यावरच करा.

ॲव्हरेज: छापील आकडा कसा वाचायचा

माहितीपत्रकातलं मायलेज खोटं नसतं. ते प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या आलेखानुसार मोजलेलं असतं. म्हणून दोन आकडे समोर ठेवण्याआधी दोन्ही एकाच चाचणी पद्धतीचे आहेत का ते बघा. युरोपात पूर्वी एनईडीसी ही पद्धत होती. त्या चाचणीत गाडी सुमारे ११ किलोमीटर, ताशी सरासरी ३४ किलोमीटर वेगाने चालायची, आणि वेग फार सावकाश वाढायचा. २०१७ पासून तिची जागा डब्ल्यूएलटीपीने घ्यायला सुरुवात केली. त्यात अंतर सुमारे २३ किलोमीटर, सरासरी वेग साधारण ४६ आणि कमाल वेग १३१ आहे. अमेरिकेच्या ईपीएची, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेची, पद्धत आणखी वेगळी. तिच्यात जास्त वेग, एसी आणि थंड हवामान यांचाही हिशेब धरला जातो. त्यामुळे तीच गाडी एनईडीसीत सर्वांत काटकसरी दिसते आणि ईपीएत सर्वांत खादाड. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशेजारी ठेवणं व्यर्थ आहे.

परदेशी परीक्षणं वाचताना एकक तपासा. अमेरिकन गॅलन आणि ब्रिटिश गॅलन वेगळे असतात. अमेरिकन ४० मैल प्रतिगॅलन म्हणजे लिटरला १७ किलोमीटर, ब्रिटिश ४० म्हणजे जेमतेम १४.

डब्ल्यूएलटीपीचे आकडे उपलब्ध असतील तर एकत्रित आकड्यावर थांबू नका. या चाचणीचे कमी, मध्यम, जास्त आणि अतिजास्त वेगाचे चार टप्पे असतात आणि त्यांचे वेगवेगळे आकडेही मिळतात. शहरातच फिरणाऱ्याने कमी वेगाचा टप्पा बघावा. शहरात गाडीचं वजन नडतं, कारण दर सिग्नलला ते वजन पुन्हा हलवावं लागतं. मोकळ्या रस्त्यावर हवेचा अडथळा नडतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ताशी ८० वरून १२० वर गेलात तर हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. उंच, रुंद एसयूव्ही आणि बुटकी सेदान यांच्यातला फरक म्हणूनच महामार्गावर जास्त जाणवतो.

इंजिनाचा प्रकारही इथेच तपासा. लहान टर्बो इंजिन हलक्या पायाने चालवलं तर छापील आकड्याच्या जवळ जातं, पण भरलेली गाडी घाटात चढवताना किंवा सतत जोरात चालवताना त्याचं मायलेज झपाट्याने घसरतं. हायब्रिड गाडीचा फायदा शहरात सर्वांत मोठा, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते. सलग वेगाच्या महामार्गावर तो फायदा आटतो. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण १० ते १५ टक्के जास्त ऊर्जा असते आणि इंजिनही जास्त कार्यक्षम असतं, म्हणून डिझेलचा आकडा मोठा दिसतो. पण रोज चार-पाच किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर डिझेलच्या वाटेला जाऊ नका. धुरातले कण अडवणारा फिल्टर स्वतःला साफ करण्यासाठी इंजिन काही काळ सलग तापलेलं लागतं. तशी संधी मिळाली नाही तर तो तुंबतो आणि दुरुस्ती महाग पडते.

आता एक असा हिशेब, जो भल्याभल्यांना चकवतो. वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणाऱ्याने लिटरला १० देणारी गाडी सोडून १२ देणारी घेतली तर वर्षाला १,५०० ऐवजी १,२५० लिटर लागतात, म्हणजे २५० लिटर वाचले. त्याच माणसाने २० देणारी सोडून २५ देणारी घेतली तर ७५० ऐवजी ६०० लिटर लागतात. वाचले फक्त १५०. पाच किलोमीटरचा फरक दिसायला घसघशीत, पण बचत दोनच्या फरकापेक्षा कमी. २००८ साली ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात हीच फसगत दाखवून दिली. लिटरला किती किलोमीटर याऐवजी १०० किलोमीटरला किती लिटर हे बघितलं की ती टळते. १०० ला मायलेजने भागा, झालं. लिटरला १२.५ म्हणजे शंभराला ८ लिटर, २० म्हणजे ५, आणि २५ म्हणजे ४. खर्चाशी सरळ नातं या आकड्याचं असतं.

याच्याही पुढे जाऊन मी किमतीतला फरक लिटरमध्ये मोजायला सांगेन. समजा, साध्या पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिड महाग आहे. त्या फरकाला तुमच्याकडच्या इंधनाच्या दराने भागा. उत्तर आलं समजा १,५०० लिटर. आता साधी गाडी लिटरला १५ देते आणि हायब्रिड २२. वर्षाला १०,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे ६६७ ऐवजी ४५५ लिटर जळतील, बचत २१२ लिटर, म्हणजे जादा पैसे भरून यायला सात वर्षं. वर्षाला २५,००० फिरणाऱ्याची बचत ५३० लिटर, आणि त्याचे पैसे तीन वर्षांच्या आत वसूल. गाड्या त्याच, दर तोच, पण एकाने हायब्रिड घ्यावी आणि दुसऱ्याने सोडावी, किंवा निदान दुसऱ्या कारणासाठी घ्यावी. हे गणित करायला पाच मिनिटं लागतात. एवढ्या मोठ्या खरेदीत ती न देणं मला खरोखर खटकतं.

छापील आकड्याऐवजी प्रत्यक्ष मायलेज वापरलं तर हिशेब आणखी पक्का होतो. तीच गाडी वापरणाऱ्या तीन-चार जणांना विचारा, पण "ॲव्हरेज किती देते" एवढंच विचारू नका. कुठे चालवता, एसी किती असतो, आणि मोजलं कसं, हेही विचारा. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याच गाड्यांमध्ये थोडा आशावादी असतो. खरी मोजणी टाकी ते टाकी: पंपाचं नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्य करायचं, निदान तीनशे-चारशे किलोमीटर चालवायचं, शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच भरायची, आणि किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचं. असं मोजणाऱ्याचा आकडा दहा ऐकीव आकड्यांपेक्षा मोलाचा.

विजेच्या गाडीसाठी हाच विचार युनिटमध्ये करा: १०० किलोमीटरला किती युनिट. घरचा वीजदर आणि बाहेरच्या जलद चार्जरचा दर वेगळा असतो, म्हणून तुमचं किती चार्जिंग कुठे होणार हे आधी ठरवा. घरी चार्जिंगची सोय नसेल तर बचतीचा मोठा भाग निघून जातो. थंडीत आणि सलग वेगात पल्ला कमी होतो, तेव्हा छापील पल्ल्यावर प्रवास बेतू नका.

फीचर्स: नंतर काय बसवता येत नाही?

फीचर्सची यादी शोरूममध्ये करायची नाही, घरी करायची. तिथे गेल्यावर सनरूफ उघडून दाखवतात, सीटखालचे रंगीत दिवे लावतात, आणि आपल्याला लागणाऱ्या गोष्टी विसरायला होतात. मी प्रत्येक फीचरला आधी एकच प्रश्न लावते: हे गाडी घेतल्यावर बाहेरून बसवता येईल का? म्युझिक सिस्टीम, मागचा कॅमेरा, सीट कव्हर, फोनचं स्टँड, काही अंशी अलॉय व्हीलसुद्धा नंतर येतात. एअरबॅग, ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), मागच्या सीटचे एसी व्हेंट, उंची बदलणारी ड्रायव्हर सीट, पुढे-मागे सरकणारं स्टीअरिंग, लहान मुलाच्या सीटचे आयसोफिक्स हुक नंतर येत नाहीत, किंवा आणू नयेत. पैसे दुसऱ्या यादीवर आधी खर्च करा.

सुरक्षिततेत पहिलं नाव ईएससीचं. गाडी वळणावर घसरू लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करते. १९९५ साली बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी ती बाजारात आणली. तिच्यापायी एखादं दिखाऊ फीचर सोडावं लागलं तर खुशाल सोडा. मागच्या मधल्या सीटलाही तीन बिंदूंचा पट्टा आणि डोक्याचा आधार आहे का, हे स्वतः बघा. माहितीपत्रकात ते सहसा ठळक नसतं, आणि तिथे बसणारं माणूस घरचंच असतं.

धडक-चाचणीत गाडीला मिळालेलं स्टार रेटिंग वाचताना तीन गोष्टी तपासा. पहिली, चाचणीचं वर्ष. गाड्यांच्या सुरक्षा चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेची सुरुवात १९९७ मध्ये झाली आणि निकष सतत कडक होत आले आहेत. जुने पाच स्टार आणि नवे पाच स्टार एकच नाहीत. दुसरी, चाचणी कोणत्या व्हेरिअंटची झाली, आणि त्यातली सुरक्षा साधनं तुमच्या व्हेरिअंटमध्ये आहेत का. तिसरी, गाडीचं वजन आणि वर्ग. समोरच्या धडकेचे निकाल सारख्या वजनाच्या गाड्यांमध्येच तुलना करण्याजोगे असतात. हलक्या गाडीचे पाच स्टार तिला अवजड गाडीसमोर तितकंच सुरक्षित करत नाहीत.

मोठ्या टचस्क्रीनचं कौतुक करण्याआधी चालत्या गाडीत एसीचा वेग बदलून बघा, अर्थात शेजारी बसून. ज्यासाठी रस्त्यावरून नजर हटवावी लागते ती सोय नव्हे. युरो एनकॅपनेही २०२६ पासूनच्या निकषांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना प्रत्यक्ष बटणं किंवा दांडे असण्याला महत्त्व दिलं आहे. फोनवरून गाडी सुरू करणं, ठिकाण बघणं अशा इंटरनेटवर चालणाऱ्या सोयी किती वर्षं मोफत आहेत आणि नंतर वर्गणी किती, हेही लेखी घ्या.

टॉप मॉडेलची मोठी चाकं दिसतात सुरेख. पण त्यांचे टायर महाग, मायलेज थोडं कमी, आणि रबराची जाडी कमी असल्याने खड्ड्यात रिम वाकण्याची भीती जास्त. एक पायरी खालच्या व्हेरिअंटची लहान चाकं अनेकांना रोजच्या वापरात जास्त सुखाची ठरतात.

दोन व्हेरिअंटमधल्या जादा किमतीचा न्याय असा करा: वरच्या पायरीवर मिळणाऱ्या गोष्टींची यादी करून ज्या तुम्ही आठवड्यातून एकदाही वापरणार नाही त्या खोडा. सुरक्षेच्या गोष्टी मात्र खोडायच्या नाहीत, त्या वापरायची वेळ न येणंच चांगलं. उरलेल्या यादीसाठी ती रक्कम वेगळी मोजून द्याल का, हे स्वतःला विचारा. विकताना वरच्या व्हेरिअंटचा जादा पैसा पूर्ण परत येत नाही, हेही लक्षात असू द्या.

देखभालीचा खर्च फोन करून काढा

शोरूमच्या विक्रेत्याला हे विचारू नका, सर्व्हिस सेंटरला फोन करा. किती किलोमीटरला सर्व्हिसिंग, पहिल्या पाच वर्षांचा अंदाजे खर्च, आणि पाच भागांच्या किमती: पुढची काच, हेडलॅम्प, पुढचा बंपर, एक टायर, ब्रेक पॅडचा जोड. पूर्ण एलईडी हेडलॅम्पची किंमत ऐकून काही जण व्हेरिअंट बदलतात. टायमिंग बेल्ट असेल तर तो कधी बदलावा लागतो ते विचारा. हायब्रिड किंवा विजेच्या गाडीत बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, किती किलोमीटरची आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती लागू होते, हे वॉरंटी पुस्तिकेतूनच वाचा. जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, हेही खर्चातच धरा.

टेस्ट ड्राइव्ह

अंतिम दोन गाड्या शक्यतो एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा, आणि जे इंजिन व गिअरबॉक्स घेणार तेच मागा. विक्रेत्याचा ठरलेला गुळगुळीत मार्ग नको. खराब रस्ता, चढ, गर्दी आणि थोडा मोकळा रस्ता हवा. ड्रायव्हर सीट स्वतःला हवी तशी लावून मग तिच्याच मागे बसून बघा. घरातल्या वयस्कर माणसाला दोनदा चढ-उतार करायला सांगा. मुलाची सीट घरी असेल तर ती नेऊन बसवून बघा, आणि नेहमीची बॅग डिकीत ठेवा. गाडी उलटी घेऊन पार्क करा. एक फेरी अंधार पडल्यावर मिळाली तर हेडलॅम्पचा उजेडही कळेल, आणि ही गोष्ट फार कमी लोक बघतात.

एका कागदावर

आता उरलेल्या दोन-तीन गाड्यांसाठी एकेक उभा रकाना आखा. त्यात सगळ्या कर-विम्यासह एकूण किंमत, कर्जाचं एकूण व्याज, तुमच्या किलोमीटरनुसार आणि प्रत्यक्ष मायलेजनुसार सगळ्या वर्षांचं इंधन, दर वर्षीचा विमा, सर्व्हिसिंग, आणि एक टायर संच मांडा. बेरजेतून तुम्ही विकाल तेव्हाची अंदाजे किंमत वजा करा. हा अंदाज काढायला त्याच मॉडेलच्या, तितक्याच जुन्या गाड्या आज काय भावाने विकल्या जातात ते बघा. मॉडेल अगदी नवं असेल तर त्याच कंपनीच्या त्याच वर्गातल्या आधीच्या गाडीवरून काढा. जे उरतं त्याला एकूण किलोमीटरने भागा. प्रत्येक गाडीचा किलोमीटरमागचा खरा खर्च समोर येईल.

दोन आकड्यांत पाच टक्क्यांच्या आतला फरक असेल तर तो अंदाजाच्या चुकीतच जमा धरा, आणि चालवायला, बसायला जी आवडली ती बिनधास्त घ्या. फरक मोठा असेल आणि तरीही महाग गाडी हवी असेल, तर कशासाठी जास्त मोजतो आहोत हे त्याच कागदावर एका ओळीत लिहा. ती ओळ घरातल्या सगळ्यांना पटली तर पुढे जा.

बुकिंगच्या पावतीवर व्हेरिअंटचं पूर्ण नाव, रंग, उत्पादनाचं वर्ष, ठरलेली अंतिम किंमत, डिलिव्हरीची तारीख आणि रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील ते लिहून घ्या. उरलेली रक्कम देण्याआधी गाडी दिवसाउजेडी बघा. चासी क्रमांक कागदांशी जुळवा, किलोमीटर रीडिंग आणि टायरवरचा उत्पादनाचा आठवडा तपासा, रंगावर ओरखडे आहेत का ते चारही बाजूंनी बघा. मग घरी केलेली फीचर्सची यादी हातात घेऊन, एकेक गोष्ट सुरू करून, खूण करत जा. काही कमी निघालं तर ते पूर्ण होईपर्यंत ताबा घेऊ नका.